ऑलिव्हचें तेल आणि घाण्याचें काळें पाणी

भुईमूग, करडई किंवा तीळ घाण्यांत घातला म्हणजे दोनच वस्तु हातीं येतात. एक तेल आणि दुसरी पेंड. तेल माणसांस, पेंड गुरांस आणि गुरांचें शेण पुन्हां जमिनीस, ही वांटणी आमच्या शेतकऱ्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तेलाच्या धंद्यानें नदी नासते असें कोणीं सांगितल्यास तें त्यांस सहसा पटणार नाहीं. परंतु भूमध्य समुद्राच्या कांठच्या देशांत ऑलिव्हच्या, म्हणजे जैतुनाच्या, तेलानें नेमकें हेंच केलें. त्यावर तेथील शेतकऱ्यांनीं जे उपाय योजिले, ते आमच्या वाचकांनीं समजून घेण्याजोगे आहेत.

मूळ भेद असा कीं, ऑलिव्ह हें कोरडें बी नव्हे, रसाळ फळ आहे. त्याचें सुमारें निम्में वजन पाण्याचें असतें, पांचवा हिस्सा तेलाचा, व बाकीचा गर, साल आणि आठोळी यांचा. फळ तोडल्यावर ढिगांत फार दिवस राहिलें तर तें तापतें, आंबतें आणि तेलास वाईट वास लागतो. म्हणून तें लगोलग गाळावें लागतें. त्यामुळें सर्व हंगामाचा चोथा व पाणी हिवाळ्याच्या दोनतीन महिन्यांत एकदमच गांवावर येऊन पडतें.

स्पेन देश या तेलाच्या उत्पादनांत जगांत पहिला, आणि त्यांतील खाएन प्रांतांत सहा कोटींहून अधिक झाडें आहेत. तेथील बऱ्याच गिरण्या बागाइतदारांच्या सहकारी संस्थांच्याच मालकीच्या आहेत. पूर्वीं दगडी जात्याखालीं फळ ठेचून तो लगदा गवती चटयांवर पसरीत व चटयांची चळत दाबाखालीं पिळीत. १९७० नंतर वेगानें फिरणारीं आडवीं पिंपें आलीं. त्यांत लगद्याबरोबर कोमट पाणी भरपूर घालावें लागे. तेल, चोथा व पाणी हीं तीन निरनिराळ्या वाटांनीं बाहेर पडत. काम झपाट्यानें होऊं लागलें. परंतु एक टन फळामागें हजार लिटर किंवा त्याहूनहि अधिक काळें पाणी निघूं लागलें.

या पाण्यास स्पेनमध्यें ‘अल्पेचीन’ म्हणतात. त्यांत साखर, आम्ल, थोडें तेल आणि फळास कडवटपणा देणारीं फेनॉल द्रव्यें असतात. नदींत तें पडलें म्हणजे तें कुजवितांना जंतु पाण्यांतील प्राणवायु संपवितात व मासे गुदमरतात. शहराच्या सांडपाण्याच्या मानानें त्याचा हा जोर शंभरपटींहून अधिक भरतो. ग्वादाल्किवीर नदीनें हें दुःख अनेक वर्षें भोगिलें.

हा दोष आजचा नव्हे. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार वारो यानें लिहून ठेविलें आहे कीं, घाण्यांतून वाहणारें हें पाणी शेतांत सांचलें तर जमीन काळी पडते व अति झाल्यास नापीक होते. मात्र बेतानें घातल्यास तेंच झाडांच्या मुळांस हितकर असतें. दोन हजार वर्षांपूर्वींच्या या एका निरीक्षणांत पुढील सर्व शास्त्राचें बीज आहे.

१९८१ सालीं स्पेन सरकारनें हें पाणी नद्यांत सोडण्यास बंदी केली. मग सुमारें एक हजार उथळ तळीं खणून त्यांत तें वाळविण्याचा उपाय निघाला. नदी वांचली, पण दुर्गंधी व डांस गांवांच्या वांट्यास आले. खरा पालट १९९१-९२ च्या हंगामांत झाला. त्या वेळीं असें पिंप निघालें कीं, ज्यांत बाहेरचें पाणी जवळजवळ घालावेंच लागत नाहीं. एका वाटेनें तेल व दुसऱ्या वाटेनें ओला लगदा निघतो. दहा वर्षांच्या आंत स्पेनमधील बहुतेक गिरण्यांनीं तें पत्करिलें.

तथापि घाण नाहींशी झाली नाहीं, तिनें रूप मात्र बदललें. टन फळामागें सुमारें आठशें किलो लगदा उरतो व त्यांत साठ ते सत्तर टक्के पाणी असतें. त्याचा ढीग राहत नाहीं, व तो वाहून नेणें म्हणजे पाण्याचेंच भाडें भरणें होय. मोठ्या कारखान्यांत तो भट्टींत वाळवून, द्रावकानें त्यांतील उरलेलें तेल काढितात. यांत हयगय झाली म्हणजे काय होतें, तें २००१ च्या जुलैंत दिसलें. भट्टीच्या अति उष्णतेनें उत्पन्न होणारें बेंझोपायरीन हें घातक द्रव्य या चोथ्याच्या तेलांत सांपडलें व सरकारास तें तेल बाजारांतून उठवावें लागलें. उरलेला भुसा विजेच्या कारखान्यांत व आठोळ्या घरोघरच्या शेगड्यांत जाळतात. आठोळी जळण म्हणून उत्तमच. परंतु सर्वच चोथा जाळणें शेतकऱ्याच्या हिताचें नाहीं.

कां, तें सांगतों. शुद्ध तेल हें कर्ब, उद्‌जन व प्राणवायु यांचेंच बनलेलें असतें. म्हणजे तें हवा व पाणी यांपासून घडतें. झाडानें जमिनींतून उचललेला पालाश व नत्र तेलांत जात नाहींत. ते लगद्यांत राहतात. सुक्या वजनावर त्यांत पालाश सुमारें दोन टक्के व नत्र एक टक्क्याच्या आसपास भरतें. म्हणून तेल विकणारा बागाइतदार जमिनीचा कस विकीत नाहीं; लगदा घालवितो तोच विकतो. अंदालुसियांतील उतारावरच्या बागांची माती पावसानें धुपून जाते, सेंद्रिय अंश कमी आहे. तेथें हा तोटा दुप्पट समजावा.

यासाठीं तेथील कांहीं सहकारी संस्था लगद्यांत ऑलिव्हचा पाला, काड व मेंढ्यांचें किंवा कोंबड्यांचें खत मिसळून ढीग रचितात. नुसता लगदा चिकट. हवा आंत शिरत नाहीं. पाला-काडानें तो मोकळा होतो. ढीग तापतो, तो वारंवार परतावा लागतो. सहा ते नऊ महिन्यांत फेनॉलचा जोर मोडतो व खत बागेंत घालण्याजोगें होतें. घाईनें कच्चा लगदा घातल्यास बीं उगवत नाहीं. इटलीनें निराळा मार्ग धरिला. तेथील १९९६ च्या कायद्यानें काळें पाणी शेतांत पसरण्यास परवानगी आहे, पण माप ठरवून: जुन्या दाबाच्या घाण्याचें एकरीं सुमारें २० हजार लिटर, व यंत्राच्या गिरणीचें सुमारें ३२ हजार लिटर, वर्षांतून याहून अधिक नाहीं. पिण्याच्या पाण्याजवळ, वस्तीजवळ व भाजीपाल्याच्या उभ्या पिकांत तें सोडावयाचें नाहीं.

आमच्याकडे ऑलिव्ह नाहीं. पण ऊंस आहे. साखरहि तेलाप्रमाणें हवापाण्याचीच बनते, आणि उंसानें उचललेला पालाश मळींत व मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाण्यांत राहतो. देशास लागणारा बहुतेक सर्व पालाश परदेशांतून आणावा लागत असतां तो ओढ्यांत सोडणें हा शहाणपणा नव्हे. आणि तोच मापाबाहेर शेतांत ओतणें हाहि नव्हे. आपल्या संस्थेच्या सभेंत कारखान्याचा हिशेब मांडला जाईल, तेव्हां सभासदांनीं उताऱ्याबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावे: कारखान्यांत पाणी किती घातलें, चोथ्यांतून व पाण्यांतून कस किती बाहेर पडला, आणि तो कोणत्या मापानें जमिनीस परत दिला. यांचें उत्तर ज्या संस्थेपाशीं तयार आहे, तिच्या सभासदांची जमीन व नदी हीं दोन्हीं टिकतील.