पीएलए : साखरेपासून निघालेले सूत

सुती सदऱ्यासाठी तापवलेली इस्त्री साधारण २०० अंश सेल्सिअसला पोचते. पॉलिएस्टर त्या तापाने आकसते, चकाकते. तरी त्याचे स्फटिक वितळायला २६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणाऱ्या पीएलएचे, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिडचे, कापड मात्र त्याच इस्त्रीखाली वितळून चिकटेल. त्याचा वितळणबिंदू १७० अंशांच्या आसपास आहे. हा धागा कापडबाजारात मागे राहिला, त्याचे एक मोठे कारण हेच.

पदार्थ तसा जुना. नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३२ च्या सुमारास ड्यू पाँटमध्ये तो बनवला होता, पण त्याच्या रेणूंच्या साखळ्या आखूड आणि दुबळ्या होत्या. पुढे शस्त्रक्रियेने त्याला आसरा दिला: १९७४ साली आलेल्या व्हिक्रिल या शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांत ग्लायकोलाइडबरोबर दहा टक्के लॅक्टाइड, म्हणजे पीएलएचाच घटक, असतो. कपड्यांसाठीचे पीएलए सूत ‘इंजिओ’ या नावाने अमेरिकेतून २००३ मध्ये आले. त्यासाठीचे पॉलिमर नेब्रास्कातील ब्लेअरच्या कारखान्यात मक्यापासून बनत होते.

सूत काढण्याआधी पीएलएचे दाणे कडकडीत वाळवावे लागतात. दहा लाख भागांत पन्नासाहून अधिक भाग पाणी उरले, तर वितळलेल्या रसात साखळ्या तुटू लागतात आणि धागा कमजोर होतो. तो रस २०० अंशांहून अधिक तापमानाला स्पिनरेटच्या बारीक छिद्रांतून खाली येतो, हवेच्या झोताने थिजतो आणि रुळांवर गुंडाळला जातो. पीएलए स्फटिक बांधण्यात फार मंद आहे. त्यामुळे कमी वेगाने गुंडाळलेल्या धाग्यात साखळ्या अस्ताव्यस्तच राहतात. असा धागा ६० अंशांजवळ नरम पडतो आणि १०० अंशांच्या आसपास, तापता तापता, आत स्फटिक बांधू लागतो. म्हणून कारखान्यात तो दोन रुळांमध्ये ऊन करून ओढतात. ओढीने साखळ्या एका दिशेला वळतात, शेजारी शेजारी बसतात. नंतर ताणाखालीच उष्णता देऊन ती बसणी पक्की करतात. नाहीतर पहिल्याच गरम धुण्यात कापड आटते.

या बसणीचा नकाशा डी सांतिस आणि कोव्हाक्स या संशोधकांनी १९६८ साली क्ष-किरणांच्या मदतीने मांडला. साखळी सरळ नसते, तिला पीळ असतो: दहा एककांत तीन वेढे. हे अल्फा रूप. १९८२ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या पेनिंग्ज आणि सहकाऱ्यांना खूप तापवून खूप ओढलेल्या धाग्यांत वेगळाच पीळ दिसला: तीन एककांत एक वेढा. हे बीटा रूप किंचित ताणलेले असते आणि अल्फापेक्षा सुमारे दहा अंश आधी वितळते. रेणू तोच, नुसती मांडणी बदलली, आणि वितळणबिंदू हलला! याच गटाने १९८७ मध्ये द्रावणातून काढून तापवून ओढलेल्या धाग्याची ताकद दोन गिगापास्कलच्या पुढे नेली.

त्याच वर्षी क्योटोत इकादा आणि त्सुजी यांनी इस्त्रीच्या प्रश्नावरच उपाय शोधला. लॅक्टिक ॲसिडची दोन रूपे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे: एल आणि डी. दोन्हींच्या साखळ्या समप्रमाणात मिसळल्या तर डावा आणि उजवा पीळ एकमेकांत घट्ट बसतात आणि वितळणबिंदू २३० अंशांवर जातो. विसाव्या शतकातल्या पॉलिमरविज्ञानात इतक्या साध्या कल्पनेने इतके मोठे फळ क्वचितच दिले असेल. २००७ मध्ये तेजिन आणि माझदा या जपानी कंपन्यांनी पीएलएच्या धाग्याचे मोटारीच्या आसनांचे कापड दाखवले.

मात्र जो घट्टपणा उष्णता सोसतो, तोच कुजण्याला विरोध करतो. पाणी आधी अस्ताव्यस्त भागांत शिरते. स्फटिक शेवटपर्यंत तग धरतात. औद्योगिक खतखड्ड्यात ५८ अंशांच्या आसपास साखळ्या सैल होतात, तेव्हा कुजणे वेग घेते. थंड समुद्रात तोच धागा दीर्घकाळ जसाच्या तसा राहतो. पीएलएच्या चहाच्या पिशवीवर तापमान न सांगता नुसते ‘जैवविघटनशील’ छापणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीत बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. पीएलए हा त्याचा गाभा आहे. उसाच्या पट्ट्यातल्या पीएलएचे कधी सूत काढायचे ठरले, तर गिरणीवाल्याला आधी एल साखळीतच मिसळलेल्या डी रूपाचे प्रमाण विचारावे लागेल. ते एक-दोन टक्के असेल तर धाग्यात स्फटिक नीट बांधले जातात. बारा-पंधरा टक्क्यांवर गेले तर बांधलेच जात नाहीत.