नोंदीतील साठा आणि दुकानातील साठा
वस्तुमागोवा तंत्रज्ञान व किरकोळ वितरण : छत्तीसगडचा अनुभव

भिलाई पोलाद कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रेल्वे रुळावर कारखान्याची खूण, निर्मितीचे वर्ष आणि ज्या वितळ पोलादापासून तो तयार झाला त्याचा क्रमांक उमटविलेला असतो. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. तेव्हापासून देशभर पसरलेल्या भिलाईच्या रुळांपैकी एखाद्याला तडा गेला, तर त्या क्रमांकावरून त्याचा उगम शोधता येतो. म्हणजेच प्रत्येक वस्तूला स्वतःची ओळख देणे आणि तिच्या प्रवासाची नोंद ठेवणे ही कल्पना या पोलादनगरीस नवी नाही.

तथापि, याच नगरीतील कामगार वस्तीच्या रास्त भाव दुकानात येणाऱ्या तांदळाच्या कट्ट्याबाबत असे सांगता येते काय? तो गोदामातून केव्हा निघाला, दुकानात पोहोचला काय आणि आज दुकानात किती कट्टे शिल्लक आहेत, हे प्रश्न साधे वाटले तरी गरीब कुटुंबाचे महिन्याचे अन्न त्यांच्या उत्तरावर अवलंबून असते. वस्तुमागोवा तंत्रज्ञानाचा विचार बहुधा मोठ्या शहरांतील मॉलच्या संदर्भात केला जातो. वस्तुतः देशातील किरकोळ विक्रीचे सर्वांत विस्तृत जाळे रास्त भाव दुकानांचे असून, त्यांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे. छत्तीसगड राज्याने या जाळ्यात साठ्याचा मागोवा घेण्याचा केलेला प्रयत्न म्हणूनच अभ्यासण्याजोगा ठरतो.

साठ्याचे अर्थशास्त्र

साठा म्हणजे अडकलेले भांडवल होय. तो अधिक ठेवल्यास व्याज, जागा, नासधूस व चोरी यांचा खर्च वाढतो. कमी ठेवल्यास ग्राहक रिकाम्या हाताने परततो. या दोन खर्चांचा तोल साधणारे मागणीचे किफायतशीर प्रमाण काढण्याचे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले. माल केव्हा मागवावा हे ठरविण्यासाठी ‘पुनर्मागणी पातळी’ ही संकल्पना वापरली जाते. रोजचा सरासरी खप व पुरवठ्यास लागणारे दिवस यांच्या गुणाकारात सुरक्षित साठा मिळविला की ही पातळी निघते. समजा, एका दुकानात रोज १० कट्टे तांदूळ खपतो, माल येण्यास ४ दिवस लागतात आणि १० कट्टे सुरक्षित साठा ठेवावयाचा आहे. अशा वेळी साठा ५० कट्ट्यांवर उतरताच नवी मागणी नोंदवावयास हवी.

हे गणित एका गृहीतकावर उभे आहे. नोंदवहीतील आकडा आणि दुकानातील माल एकच असला पाहिजे. नोंदीत ६० कट्टे आणि प्रत्यक्षात ८ कट्टे असतील, तर व्यवस्थेच्या दृष्टीने साठा पुरेसा असल्याने नवी मागणी जाणारच नाही. अशा आभासी साठ्यामुळे दुकान रिकामे होते आणि अहवालात मात्र भरलेले दिसते. हा दोष केवळ अप्रगत व्यवस्थांमध्ये आढळतो असेही नाही. निकोल डीहोरॅशियस व अनंत रमण या संशोधकांनी एका मोठ्या अमेरिकी साखळीच्या ३७ दुकानांतील सुमारे ३ लाख ७० हजार साठानोंदी तपासल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नसल्याचे आढळले.

बारकोडपासून रेडिओ टॅगपर्यंत

नोंद व वास्तव यांतील अंतर कमी करण्याचे पहिले प्रभावी साधन म्हणजे बारकोड. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय येथे एका दुकानात च्युइंगगमचे पाकीट बारकोडद्वारे प्रथम विकले गेले. कमी-अधिक जाडीच्या रेषांतून वस्तूचा क्रमांक वाचला जातो. भारतातील संस्थेकडून दिल्या जाणाऱ्या क्रमांकांचा प्रारंभ ८९० या आकड्यांनी होतो. बारकोड छापण्याचा खर्च नगण्य असला तरी त्याच्या दोन मर्यादा आहेत. प्रत्येक वस्तू वाचकयंत्रासमोर धरावी लागते. शिवाय नेहमीचा बारकोड वस्तूचा प्रकार सांगतो, त्या प्रकारातील नेमका नग कोणता हे सांगत नाही.

रेडिओ तरंगांद्वारे ओळख, अर्थात आरएफआयडी, या मर्यादा ओलांडते. टॅगमध्ये सूक्ष्म चिप व अँटेना असते. निष्क्रिय टॅगला स्वतःची बॅटरी नसते; वाचकयंत्राने सोडलेल्या तरंगांतून मिळालेल्या ऊर्जेवर तो आपला क्रमांक परत पाठवितो. त्यामुळे टॅग दृष्टीसमोर नसतानाही, एकाच वेळी अनेक नग मोजता येतात. यातील प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक असतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा वापरासाठी २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. पथकर नाक्यांवरील फास्टॅग हे याच तंत्राचे सर्वपरिचित उदाहरण होय. मात्र धातू व पाणी यांच्या सान्निध्यात हे तरंग अडखळतात. डबाबंद किंवा द्रव पदार्थांचे वाचन त्यामुळे अवघड होते.

वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या शंभर प्रमुख पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर व फळ्यांवर टॅग लावण्यास सांगितले. आर्कान्सा विद्यापीठाच्या अभ्यासात या दुकानांतील माल संपल्याच्या घटनांत सुमारे १६ टक्के घट नोंदविली गेली. तरीही किराणा मालात या तंत्राचा प्रसार अपेक्षेइतका झाला नाही. तयार कपड्यांत तो वेगाने झाला, कारण आकार व रंग यांच्या असंख्य प्रकारांमुळे तेथे मोजणीचा खर्च मोठा असतो आणि नगाच्या किमतीच्या मानाने टॅगचा खर्च अल्प असतो. काही रुपयांचा टॅग शर्टाला परवडतो, साबणाच्या वडीला परवडत नाही. यादृष्टीने पाहता, टॅग कोठे लावावा हा प्रश्न मुळात खर्च व लाभ यांचा आहे.

छत्तीसगडची वाट

नोव्हेंबर २००० मध्ये राज्याची स्थापना झाली तेव्हा येथील सार्वजनिक वितरण व्यवस्था इतर अनेक राज्यांप्रमाणेच दुबळी होती. २००४ च्या नियंत्रण आदेशाने खाजगी व्यक्तींकडील रास्त भाव दुकाने काढून ग्रामपंचायती, महिला बचत गट व सहकारी संस्था यांच्याकडे सोपविण्यात आली. पुढे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या साहाय्याने धान खरेदीपासून दुकानापर्यंतच्या साखळीचे संगणकीकरण झाले.

या व्यवस्थेत कट्ट्यांवर चिप बसविलेली नव्हती. मागोवा घेतला गेला तो खेपेचा. शिधापत्रिकांच्या संगणकीय यादीवरून प्रत्येक दुकानाचा मासिक नियतांश ठरे. दुकानदाराने मागील महिन्याची विक्री व शिल्लक यांचे घोषणापत्र द्यावयाचे आणि शिल्लक वजा करून पुढील पुरवठा निश्चित व्हावयाचा, अशी पद्धत होती. ही वस्तुतः पुनर्मागणीचीच एक रीत होय. नागरी पुरवठा महामंडळाने धान्य थेट दुकानाच्या दारात पोहोचविण्याची जबाबदारी घेतली. वाहतुकीच्या ट्रकांना पिवळा रंग देण्यात आला, जेणेकरून ते कोणालाही ओळखता यावेत. गोदामातून ट्रक निघताच नोंदणी केलेल्या नागरिकांना भ्रमणध्वनीवर लघुसंदेश जात असे. अशा रीतीने साठ्याची माहिती कार्यालयापुरती न राहता ज्यांचे धान्य होते त्यांच्यापर्यंत पोहोचली.

गळती म्हणजे शासनाने उचललेले धान्य आणि कुटुंबांनी प्रत्यक्ष खरेदी केलेले धान्य यांतील तफावत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आधारे ज्याँ द्रेझ व रीतिका खेरा यांनी केलेल्या अंदाजांनुसार, छत्तीसगडमधील गळती २००४-०५ मध्ये सुमारे निम्मी होती. २०११-१२ पर्यंत ती दहा टक्क्यांच्या आसपास उतरली. याच काळात देशपातळीवरील गळती सुमारे ५४ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर आली. या सुधारणेचे सर्व श्रेय संगणकास देता येणार नाही. लाभार्थ्यांची व्याप्ती वाढली, तांदळाचा दर घटला, दुकानांचे कमिशन वाढले आणि बहुसंख्य कुटुंबे लाभार्थी झाल्याने दुकानावर लोकांचे लक्ष राहिले. तंत्रज्ञानाने या बदलांना पूरक साथ दिली.

दुकान निवडण्याचे स्वातंत्र्य

भिलाईच्या शेजारील रायपूर शहरात २०१२ मध्ये ‘कोअर पीडीएस’ ही केंद्रीभूत ऑनलाइन प्रणाली सुरू झाली. स्मार्ट कार्डधारकास कोणत्याही संलग्न दुकानातून धान्य घेण्याची मुभा तीत होती. ‘मेरी मर्जी’ हे तिचे नाव तिचा आशय स्पष्ट करते. ग्राहकाने दुसरे दुकान निवडताच पहिल्या दुकानाची मक्तेदारी संपते. परंतु साठ्याच्या दृष्टीने याचा परिणाम दूरगामी असतो. दुकानाचा खप शिधापत्रिकांच्या संख्येवरून ठरेनासा होतो. चांगल्या दुकानात माल लवकर संपतो, वाईट दुकानात पडून राहतो. त्यामुळे महिन्याकाठी एकदा दिलेले घोषणापत्र अपुरे पडते. विक्रीची नोंद त्या क्षणी होऊन साठा त्याप्रमाणे भरला जाणे अनिवार्य ठरते.

हाच प्रश्न आता राष्ट्रीय पातळीवर आहे. २०१९ मध्ये आरंभ झालेल्या ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत छत्तीसगड २०२२ च्या प्रारंभी सामील झाले आणि जून २०२२ मध्ये आसामच्या समावेशाने सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश तिच्या कक्षेत आले. भिलाईसारख्या औद्योगिक नगरीत परप्रांतीय मजूर सातत्याने येत-जात असतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. तो हक्क कोठेही बजावता यावयाचा, तर मजूर ज्या दुकानात उभा आहे तेथे त्या दिवशी धान्य असले पाहिजे. हक्काची सुवाह्यता ही अखेर साठ्याच्या अचूकतेवर अवलंबून असते.

नोंद आणि वास्तव

या यशकथेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. मार्च २०२३ मध्ये छत्तीसगड विधानसभेत रास्त भाव दुकानांतील शिल्लक तांदळाचा प्रश्न गाजला. ऑनलाइन नोंदीत दिसणारी शिल्लक आणि पडताळणीत दुकानांत आढळलेला प्रत्यक्ष साठा यांत तफावत होती. जे राज्य संगणकीकरणाचा आदर्श मानले गेले, तेथेच आभासी साठ्याचा प्रश्न उद्भवला. याचा बोध असा की, शिल्लक दुकानदाराने सांगावयाची आणि संगणकाने ती जपून ठेवावयाची, एवढ्याने मागोवा पूर्ण होत नाही. असत्य आकडा संगणकात गेल्याने सत्य होत नाही. उलट त्यास अधिकृततेचे वलय लाभते.

यावर उपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला, मानवी नोंदीची जागा यंत्राच्या नोंदीने घेणे. विक्रीयंत्रास इलेक्ट्रॉनिक वजनकाटा जोडल्यास दिलेले वजन हाताने भरावे लागत नाही. दुसरा, वरचेवर थोड्या दुकानांची अनपेक्षित मोजणी करणे. किरकोळ व्यापारात चक्रीय मोजणी म्हणून रूढ असलेली ही पद्धत वर्षातून एकदा होणाऱ्या सर्वंकष तपासणीपेक्षा स्वस्त व प्रभावी ठरते. तिसरा, दुकाननिहाय आवक, विक्री व शिल्लक लोकांसाठी खुली ठेवणे. फलकावर चाळीस कट्टे लिहिले असताना दुकान रिकामे असेल, तर ते रांगेतील स्त्रीच्या ध्यानी सर्वप्रथम येते. तिची तक्रार ऐकणारी यंत्रणा असेल, तर कोणत्याही टॅगपेक्षा ती अधिक उपयुक्त मोजणी होय.

निष्कर्ष

भिलाईतील एखाद्या वस्त्रदालनाला प्रत्येक कपड्यावर रेडिओ टॅग परवडू शकतो, किराणा दुकानास बारकोड पुरेसा असतो आणि रास्त भाव दुकानात नगाऐवजी खेपेचा व वजनाचा मागोवा किफायतशीर ठरतो. साधन मालाच्या किमतीनुसार बदलते. मात्र नोंद वास्तवाशी जुळावी, ती वेळीच व्हावी आणि तफावतीबद्दल कोणीतरी उत्तरदायी असावे, या तीन अटी सर्वत्र समान आहेत. खाजगी दुकानात त्या न पाळल्यास नफा घटतो. सार्वजनिक वितरणात न पाळल्यास कायद्याने दिलेले धान्य ताटापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच साठा व्यवस्थापन हा अन्नसुरक्षेच्या धोरणाचा गाभ्याचा भाग मानला पाहिजे.