जपानी हौशी रेडिओ रिसीव्हर

जपानी हौशी रेडिओ रिसीव्हर म्हणजे १९५० ते १९८० या दशकांत जपानी कंपन्यांनी हौशी रेडिओचालकांसाठी (हॅम) आणि लघुलहरी श्रोत्यांसाठी तयार केलेले संच होत. ट्रिओ, याएसू, आयकॉम व स्टार ही त्यांच्या उत्पादकांतील परिचित नावे आहेत.

पार्श्वभूमी

जपानमधील हौशी रेडिओचालकांची संघटना १९२६ साली स्थापन झाली. डिसेंबर १९४१ मध्ये हौशी प्रक्षेपणावर बंदी आली आणि परवाने पुन्हा मिळू लागले ते थेट १९५२ मध्ये. १९५९ पासून मोर्स संकेतलिपीच्या परीक्षेविना मिळणारा टेलिफोन श्रेणीचा परवाना सुरू झाला, तेव्हा विद्यार्थी मोठ्या संख्येने या छंदाकडे वळले. जपानी रिसीव्हरांचा उत्कर्ष पुढे निर्यातीमुळे झाला असला, तरी त्याचा पाया या घरच्या ग्राहकानेच घातला.

उत्पादक आणि त्यांचे संच

ट्रिओचा आरंभ १९४६ मध्ये नागानो प्रांतातील कोमागाने येथे कासुगा बंधूंच्या रेडिओ-व्यवसायातून झाला. तिची व्हॉल्व्हवर चालणारी ‘९आर-५९’ मालिका विशेष गाजली. ५५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ एवढा पट्टा हे संच चार भागांत ऐकवत. मुख्य तबकडीने केंद्राच्या जवळ जायचे आणि दुसऱ्या तबकडीने ते नेमके पकडायचे, अशी त्यांची रीत होती. सुट्या भागांच्या रूपातही ते मिळत. त्यामुळे संच जुळवता जुळवताच अनेकांचे रेडिओशास्त्राचे शिक्षण होई. व्हॉल्व्ह तापेपर्यंत वारंवारता सरकत राहणे हा मात्र त्यांचा दोष होता. ही कंपनी १९८६ पासून केनवुड या नावाने ओळखली जाऊ लागली.

याएसूचे साको हासेगावा (जेए१एमपी) आणि आयकॉमचे तोकुझो इनोए (जेए३एफए) हे दोन्ही संस्थापक स्वतः परवानाधारक हौशी होते. इनोए यांनी १९५४ मध्ये ओसाका येथे व्यवसाय सुरू केला.

१९७० च्या दशकातील याएसूचा ‘एफआरजी-७’ हा या परंपरेतील बहुधा सर्वांत लाडका संच. इंग्रजी आद्याक्षरांवरून चाहते त्याला ‘फ्रॉग’, म्हणजे बेडूक, म्हणतात. वारंवारता सरकण्याच्या जुन्या दोषावर त्यात ‘वॅडली लूप’चा उपाय होता. दक्षिण आफ्रिकेचे अभियंते ट्रेव्हर वॅडली यांची ही युक्ती ब्रिटनच्या रॅकल कंपनीने ‘आरए-१७’ या महागड्या व्यावसायिक रिसीव्हरमध्ये आधीच वापरली होती. तिच्यात एकाच आंदोलकाचा संकेत दोनदा मिसळला जातो. पहिल्या मिश्रणात शिरलेली चूक दुसऱ्या मिश्रणात उलट बाजूने येते आणि वजा होते. आंदोलक सरकला, तरी ऐकू येणारे केंद्र जागेवर राहते. सामान्य श्रोत्याला परवडेल अशा किमतीत ही स्थिरता आणणे, हे याएसूचे खरे श्रेय.

त्याच दशकात ‘एफटी-१०१’ सारख्या ट्रान्सीव्हरांनी प्रक्षेपक व रिसीव्हर एका पेटीत आणले. हौशी चालकांना वेगळ्या रिसीव्हरची निकड उरली नाही. ती लघुलहरी श्रोत्यांपुरती राहिली.

भारतातील वापर

जपानमधील घरगुती वीज १०० व्होल्टची, तर भारतातील २३० व्होल्टची आहे. जपानी बाजारपेठेसाठी बनवलेला संच येथे थेट जोडल्यास जळू शकतो. त्यासाठी व्होल्टता उतरवणारे रोहित्र लागते. ‘एफआरजी-७’च्या रोहित्रात मात्र निरनिराळ्या व्होल्टतांची सोय असते, जोडणी कोणत्या व्होल्टतेवर आहे, तेवढे आधी तपासावे. पनवेलसारख्या दमट हवेच्या ठिकाणी स्विचांचे संपर्कबिंदू काळवंडतात. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या संचातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासल्याशिवाय त्याला पूर्ण व्होल्टता देऊ नये.