हलका धान, भारी धान

कोहका गाव आता भिलाईच्या वसाहतींत मुरून गेलंय, पण शहर ओलांडून दुर्ग जिल्ह्यात कुठंही शिरा, खरिपात धानच दिसतो. लवकर येणारा तो इथं ‘हरुना’, गोंदिया-भंडाऱ्याकडे ‘हलका’. उशिराचा तो ‘भारी’.

जुना भारी धान दिवसाची लांबी पाहून चाले. पेरणी पंधरा दिवस मागेपुढे झाली तरी दिवस आखडल्याशिवाय तो निसवत नसे. खोल बांधीत ओल टिकायची, उभ्या धानात लाखोळीही टाकता यायची. उंचावरच्या बांधीत मात्र पाऊस आधी आटोपला की दाणा पोचट.

पानाला दिवस कळतो आणि शेंड्याला निरोप जातो, तो नेणारं संप्रेरक असावं, असं रशियातल्या चैलाख्यान यांनी 1930च्या दशकातच मांडलं होतं. भातात ते हाती लागायला 2007 उजाडलं. जपानी संशोधकांनी दाखवलं की पानात बनणारं एचडी3ए हे प्रथिनच शेंड्यापर्यंत जाऊन फुलोरा आणतं.

दुसरं संप्रेरक जिबरेलिन. त्याची कथा 1926मध्ये भातरोपं उंच, फिकट करणाऱ्या बुरशीपासून सुरू होते. 1966मध्ये आलेला आयआर8 हा भातवाण बुटका होता, कारण जिबरेलिन घडवणारं एक जनुक त्यात बिघडलेलं होतं. ते जनुक ओळखलं गेलं 2002मध्ये. तोवर बुटका वाण म्हणजे लवकर येणारा वाण, असा समज रूढ झाला होता. ती गल्लत आजही ऐकू येते. बुटकेपणा या जनुकाचा. दिवसाच्या लांबीकडे काणाडोळा करणं हे वेगळ्या जनुकांचं काम. पैदासकारांनी दोन्ही गुण एकत्र आणले आणि श्रेय सगळं बुटकेपणाला गेलं. तरी संप्रेरकाचा फुलोऱ्याशी अजिबात संबंध नाही, असंही नाही. भाताच्या शेंड्याभोवती जिबरेलिन निकामी करणारं एक जनुक पहारा देतं. फुलोऱ्याची वेळ आली की त्याचा जोर ओसरतो.

भारी धान जास्त पिकतो हे शेतकऱ्याला ठाऊकच होतं. 2008मध्ये चीनमध्ये सापडलेल्या जीएचडी7 या जनुकानं त्याचं एक कारण दिलं: मोठ्या दिवसांत ते निसवणं लांबवतं, रोप उंच करतं आणि लोंबीतले दाणेही वाढवतं. म्हणजे हलक्या धानाची घाई फुकट नसते.

त्याआधीच नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे 1983पासून ‘पटेल-3’ या वाणामधल्या वेगळ्या लोंब्या निवडत होते, जनुकांचा नकाशा नसताना. त्यातून निघालेला त्यांचा एचएमटी वाण आज छत्तीसगढच्या बाजारातही मिळतो.

इकडे 1970च्या दशकात भातशास्त्रज्ञ रिछारिया यांनी गावोगाव फिरून देशी वाण जमवले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आता 23,000हून अधिक नमुने आहेत. अलीकडे याच विद्यापीठानं मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासोबत सफरी-17 आणि दुबराज या उंच, उशिराच्या वाणांवर किरणांचा मारा करून बुटके, लवकर येणारे वाण काढले.