तुळशीची वाढ आणि तिचा आकार

पाटण तालुक्यात डोंगरावरची वाडी असो की कोयनाकाठचे गाव असो, अंगणातील तुळस मुलांच्या नित्य परिचयाची असते. तथापि “तुळस किती उंच वाढते?” असे वर्गात विचारल्यास उत्तरे जुळत नाहीत. कोणी वीतभर म्हणतो, कोणी स्वतःच्या कमरेपर्यंत हात नेतो, तर कोणी डोक्याच्याही वर. ही सर्व उत्तरे खरी असू शकतात. ती अशी भिन्न का येतात, याचा उलगडा करून देणे हा वनस्पतिजीवनाचा एक चांगला पाठ होय.

डोक्याच्या वर हात नेणारा मुलगा बहुधा वेगळ्याच वनस्पतीविषयी बोलत असतो. परड्यात कोठे कोठे मोठ्या पानांची, लवंगेसारख्या वासाची, पाच-सहा फूट उंच होणारी तुळस आढळते. तिला कोणी रामतुळस म्हणतात, कोणी रानतुळस. उन्हाळ्यात सरबतात घालावयाचे सब्जाचे बी ज्या झाडाचे, तेही याच कुळातील तिसरे भावंड. वृंदावनातील तुळस या दोहोंहून निराळी. तिचे शास्त्रीय नाव ओसिमम टेन्युइफ्लोरम. जुन्या पुस्तकांत ओसिमम सँक्टम हे नाव दिसते, परंतु वनस्पती तीच. नावे गावोगाव बदलतात, म्हणून ओळख पानाच्या आकारावरून व वासावरून करून द्यावी.

वृंदावनातील तुळस साधारणपणे एक ते दोन फूट वाढते. जमिनीत, मोकळ्या उन्हात व चांगल्या मातीत ती तीन फुटांपर्यंत जाते. तिचे कोवळे खोड चौकोनी असते, हे मुलांना बोटांनी चाचपून पाहू द्यावे. पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक सूक्ष्म डोळा असतो. खालचे खोड पुढे लाकडासारखे कठीण होते. वारकऱ्यांच्या माळेचे मणी याच लाकडाचे.

झाडाच्या आकाराचे रहस्य या बगलेतील डोळ्यांत आहे. शेंडा वाढत असतो तोवर तेथे तयार होणारे ऑक्झिन नावाचे द्रव्य खाली उतरते व डोळ्यांना दबवून ठेवते. म्हणून न खुडलेली तुळस काठीसारखी सरळ वर जाते. शेंडा खुडला की हा दाब सुटतो, शेंड्याकडे जाणारी साखरही डोळ्यांकडे वळते आणि खुडल्या जागेखालच्या पानांच्या जोडीतून दोन फुटवे निघतात. ते चार बोटे वाढल्यावर त्यांचेही शेंडे खुडले, तर दोनाचे चार आणि चाराचे आठ होतात. दुपटीचा पाढा शिकवावयास याहून जिवंत साधन क्वचितच सापडेल. अर्थात एखादा डोळा फुटत नाही आणि हिशेब चुकतो. तो का चुकला, हे मुलांनीच शोधावे.

रोप पाच-सहा इंच झाले की पहिला शेंडा खुडावा. खुडण्यास उशीर झालेली तुळस खाली उघडी व वर झुपकेदार अशी होते, आणि नंतर ते दुरुस्त करणे कठीण जाते, कारण जुने, पाने झडलेले लाकूड सहसा नव्याने फुटत नाही. मोठ्या झाडाची छाटणी करावयाची ती एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून अधिक करू नये आणि प्रत्येक फांदीवर काही हिरवी पाने राखावीत. थंडी सरल्यावर, फाल्गुन-चैत्रात केलेली छाटणी चांगली मानवते.

येथे घरातील वडील मंडळींची हरकत येते. तुळस कापावी कशी? शिक्षकाने या भावनेचा उपहास करू नये. त्याची गरजही नाही, कारण उत्तर पूजेतच आहे. विठ्ठलाला वाहावयास मंजिऱ्या रोज खुडल्या जातात, आणि मंजिरी खुडणे हीच तुळशीची खरी छाटणी होय. एकादशी-द्वादशीस तुळस तोडू नये हा नियम पाळूनही महिन्याचे पुष्कळ दिवस उरतात. नखाने तोडू नये असाही संकेत आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. चेचलेल्या टोकापेक्षा स्वच्छ कात्रीचा काप लवकर भरतो. जे शेतकरी तुळशीचे पीक घेतात, ते लागणीनंतर सुमारे तीन महिन्यांनी जमिनीपासून वीतभर राखून सर्व झाड कापतात. पुढे दोन-अडीच महिन्यांनी तेच झाड पुन्हा कापणीस येते.

मंजिरी राहू दिली तर काय होते? फांदीच्या टोकास फुलोरा आला की त्या फांदीची वाढ तेथेच संपते. झाडाचे बळ बी भरण्यात जाते, नवी पाने बारीक येतात व जुनी गळू लागतात. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते तेव्हा झाड मंजिऱ्यांनी लदलेले असते, आणि पाठोपाठ थंडी येते. तुळशीला थंडी सोसत नाही. म्हणून मार्गशीर्ष-पौषात अनेक अंगणांतली तुळस वाळते. अशा वेळी घरातल्या एखाद्या मुलीचा किंवा सुनेचा विटाळ झाला, असा दोष दिला जातो. ज्या मुलीवर हा ठपका येतो ती कित्येकदा शाळेतलीच विद्यार्थिनी असते. स्पर्शाने तुळस वाळत नाही. बियांचा भार, थंडी व कुजलेली मुळे यांनी ती वाळते. शिक्षकाने हे वर्गात, आणि पालकसभेतही, स्पष्ट सांगावे. लग्नानंतर बियांसाठी दोन-तीन मंजिऱ्या ठेवून बाकीच्या काढल्या, तर पुष्कळ झाडे थंडी पार करतात.

मुळे कुजण्याचे कारण वृंदावनाच्या बांधणीत असते. वरून देखण्या अशा अनेक वृंदावनांच्या पोटात माती फार थोडी असते व तळाशी पाणी जाण्यास वाट नसते. कोयनानगरच्या बाजूस वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो; त्यात रोजच्या तांब्याची भर. अशा वृंदावनास तळाशी भोक पाडावे, खाली विटांचे तुकडे घालावेत, आणि मुसळधारेच्या दिवसांत पाण्याचा तांब्या नावापुरता, चार थेंबांचा करावा. तालुक्याच्या पूर्वेस मल्हारपेठेकडे पाऊस बराच कमी, तेथे ही काळजी एवढी तीव्र नाही. मात्र मुळांना जागा थोडी असेल तर झाड लहानच राहणार. लहान तुळस हवी असल्यास लहान कुंडी हा सोपा उपाय आहे, पण मग वरची चार बोटे माती दरवर्षी काढून कुजलेले शेणखत घालणे भाग पडते.

ऊन हा उरलेला घटक. याचा प्रयोग शाळेतच करावा. एका वयाची दोन रोपे घेऊन एक अंगणात व एक पडवीच्या सावलीत ठेवावे. दर सोमवारी मुलांनी उंची, पानांच्या जोड्या आणि दोन पेरांमधील अंतर मोजून वहीत लिहावे. सावलीतले रोप कित्येकदा उंचीत पुढे जाते, आणि मुले तेच बळकट समजतात. पेरांमधील अंतर लांबलेले, खोड बारीक व पाने फिकी असल्याचे त्यांच्याच नोंदींवरून त्यांना दाखवावे.

तुळस दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, म्हणून नवी रोपे हाताशी असावीत. बी अतिशय बारीक असल्याने ते राखेत मिसळून वरवर पेरावे व हलक्या हाताने शिंपावे. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात आणि सहा आठवड्यांनी रोपे हलविण्याजोगी होतात. पुष्कळदा तेवढाही खटाटोप लागत नाही. वृंदावनाच्या पायथ्याशी सांडलेल्या बियांतून पहिल्या पावसानंतर रोपे आपोआप उगवतात. झाडलोट करणाऱ्या मुलांना ती ओळखू येऊ लागली की उपटून टाकली जात नाहीत.