होडी मागे घेता येते का हो तुम्हाला?

मैत्रिणींनो, भाऊच्या धक्क्याला लाँच लागते ती कुशीवर, आडवी, हे तुम्ही पाहिले असेल. पण परदेशात हौशी लोकांच्या छोट्या होड्या जिथे बांधून ठेवतात, त्या मरीनामध्ये प्रत्येक होडीला दोन लाकडी पट्ट्यांमधली चिंचोळी जागा मिळते. आपल्या सोसायटीत स्कूटरला असते ना, तशीच. त्या जागेत होडी तोंडाने घुसवायची, नाहीतर पाठीने. पाठीने लावली तर चढणे-उतरणे सोपे, कारण होडीची मागची कड बुटकी असते. सासूबाईंना उंच टोकावरून उडी मारायला सांगावे लागत नाही!

हे सगळे मला कुठून कळले म्हणाल, तर गेल्या उन्हाळ्यात मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत मिल्वॉकीला राहून आले. गाव मिशिगन सरोवराच्या काठी. सरोवर कसले, समुद्रच तो! पलीकडचा काठ दिसत नाही. फक्त पाणी गोडे, आणि भरती-ओहोटी जाणवतसुद्धा नाही. आमच्या मेव्हण्यांनी तिथे १८ फुटांची एक जुनी होडी घेतली आहे. तिला मागच्या फळीवर अडकवलेली मोटार आहे. आउटबोर्ड म्हणतात तिला.

या मोटारीची एक गंमत सांगते. मिल्वॉकीच्या ओली एव्हिनरूड या कारागिराने आपल्या बेससाठी तळ्यावर होडी वल्हवत आइस्क्रीम आणले, ते वाटेतच वितळले, आणि त्या चुटपुटीतून त्याला मोटारीची कल्पना सुचली, असे सांगतात. आइस्क्रीमची गोष्ट खरी असो-नसो, १९०९ साली त्याची मोटार बाजारात आली हे खरे. आणि पुढे त्याची बायको झालेल्या या बेसनेच धंद्याचे हिशेब आणि जाहिराती सांभाळल्या, हेही खरे. त्या नावाच्या मोटारी २०२० साली बनायच्या बंद झाल्या.

तर आमच्या बहिणीच्या होडीत चार उन्हाळे एकच रीत होती. चाकावर हे, आणि पुढे हातात दोर धरून ही. धक्का जवळ आला की सुरू! “दोर टाक! अगं तिकडे नाही, इकडे!” आजूबाजूच्या होड्यांवरचे लोक चहा पिता पिता ऐकतात. भाषा कळत नसेल, पण सूर कळतोच की.

एका रविवारी आम्ही तिघे काठापासून बरेच आत गेलो होतो. नांगर ओढताना मेव्हण्यांच्या पाठीत अशी उसण भरली की त्यांना उठताच येईना. बहिणीने चाक हाती घेतले आणि होडी मरीनापर्यंत आणलीही. पण पुढे काय? जागेसमोर आम्ही तीनदा घिरट्या घातल्या. शेवटी शेजारच्या होडीवरच्या माणसांनी आमचा दोर धरून आम्हाला ओढून घेतले. कोणाला लागले नाही, पण रात्री बहीण म्हणाली, “ताई, वीस वर्षं गाडी चालवतेय मी. उद्या यांच्या छातीत दुखायला लागलं असतं तर?”

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?

दुसऱ्या दिवसापासून ती मरीनातल्या एका वयस्क शेजारणीकडे शिकायला लागली. मीही मागे बसायची. सकाळी लवकर जायचे, कारण उन्हाळ्यात दुपारी सरोवरावरून वारा सुटतो.

पहिला धडा: या होडीला वेगळे सुकाणू नाही. चाक फिरवले की मोटारच वळते, आणि पंख्याचा जोर जिकडे लागेल तिकडे होडी सरकते. म्हणजे न्यूट्रलमध्ये चाक कितीही फिरवा, होडी ऐकतच नाही. म्हणून आधी चाक, मग गिअर, तोही क्षणभरच, पुन्हा न्यूट्रल. मागे घेताना चाक उजवीकडे फिरवले की होडीची पाठ उजवीकडे जाते, मोटारगाडीसारखीच. पण गाडीला ब्रेक असतो, इथे नाही. थांबायचे तर पुढचा गिअर जरासा टाकायचा. आणि जोरात मागे नेली तर त्याच बुटक्या कडेवरून पाणी आत येते, बरं का!

दुसरा धडा वाऱ्याचा. मोटारीच्या वजनाने मागची बाजू पाण्यात दबलेली, पुढची हलकी नि उंच. साहजिकच वारा आधी तोंड ढकलतो. वारा धक्क्याकडून येत असेल तर पाठ वाऱ्याकडे करून होडी सरळ राहते, दोरीला बांधलेल्या पतंगासारखी. आडवा असेल तर वाऱ्याच्या बाजूला थोडे झुकते माप द्यायचे आणि त्या बाजूचा मागचा दोर सगळ्यात आधी अडकवायचा. जमत नाहीसे वाटले तर सरळ बाहेर निघायचे आणि पुन्हा यायचे. यात लाज कसली? पोळी फाटली की आपण पुन्हा लाटतोच ना!

बाकी तयारी जागेत शिरण्याआधीच. हवा भरलेल्या उशा (त्यांना फेंडर म्हणतात) दोन्ही अंगांना लटकवायच्या, चारही दोर सोडून हाताशी ठेवायचे, सगळ्यांनी लाइफजॅकेट घालायचे. इंजिन बंद पाडणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवीच. आणि धक्का कितीही जवळ आला तरी हातापायाने होडी थोपवायची नाही. दिसायला लहान, पण भरलेल्या होडीखाली बोटे चिरडतात. होडीच्या मागे पाण्यात कोणी असेल तर पंखा अजिबात फिरता कामा नये.

मोकळ्या पाण्यात एक फेंडर टाकून, त्यालाच धक्का समजून, बहिणीने आठवडाभर सराव केला. पहिले दोन दिवस होडी कुठेही जायची. मी हसले, तर मलाच चाकावर बसवले! माझी तर गोल गोलच फिरली.

मी निघायच्या आधीच्या रविवारी चाकावर ती होती, मेव्हणे मागे दोर घेऊन. वारा आडवा. पहिल्यांदा तोंड वाहवत गेले, तशी ती शांतपणे बाहेर पडली. मेव्हण्यांनी “अगं, डावीकडे…” म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. दुसऱ्यांदा होडी इंचाइंचाने आत शिरली. लाकडी पट्टी जवळ येताच सवयीने त्यांचा हात बाहेर गेला.

“अहो, हात आत घ्या!”

त्यांनी मुकाट्याने हात आत घेतला आणि वाऱ्याकडचा दोर अडकवला. इंजिन बंद करून बहीण उठली, दोर ओढून पाहिला आणि म्हणाली, “हा सैल राहिलाय हं.”