ग्रॉसिंजर्स : भरल्या ताटांचं हॉटेल

पूर्व युरोपातल्या गॅलिशियातून अमेरिकेत आलेल्या सेलिग आणि माल्का ग्रॉसिंजर या ज्यू दांपत्याने १९१४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात शेत घेतलं. जमीन दगडाळ, पीक काही येईना. मग त्यांनी न्यूयॉर्क शहरातल्या उकाड्याला कंटाळलेले ज्यू पाहुणे घरात ठेवायला सुरुवात केली. माल्काबाई रांधत, सेलिग बाजारहाट करत, लेक जेनी खोल्या आवरण्यापासून हिशेबापर्यंत सगळं बघे. पाच वर्षांत त्यांनी जवळचं मोठं हॉटेल विकत घेतलं.

या पाहुण्यांना जागेची खरीच गरज होती. त्या काळी अमेरिकेतली कितीतरी हॉटेलं ज्यूंना खोली देत नसत. १८७७ मध्ये साराटोगाच्या ग्रँड युनियन हॉटेलने जोसेफ सेलिगमन या बड्या ज्यू बँकरलाही जागा नाकारली होती.

ग्रॉसिंजर्सचा प्राण म्हणजे तिथलं कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार चालणारं स्वयंपाकघर. मांस आणि दूध एकत्र येता कामा नये, म्हणून भांडी, ताटं, काटे-चमचे, सगळ्याचे दोन वेगळे संच. सकाळी हेरिंग मासा, खारवलेला सामन, आंबट साय, कड्याच्या आकाराचा बेगल पाव. रात्री मांसाचं जेवण असलं, की टेबलावर लोणी यायचं नाही, कॉफीत दूध पडायचं नाही. नियम कडक, पण वाढताना हात सढळ. वाढपी अनेकदा कॉलेजातली मुलं असत. टिपांच्या पैशांतून ती फी भरत.

दुसऱ्या महायुद्धानंतर हॉटेल ऐन भरात आलं. पुढे पसारा १२०० एकर आणि ३५ इमारतींवर गेला. स्वतःचं टपाल कार्यालय, विमानांची धावपट्टीही झाली. मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो इथे सराव करायचा. १९४९ मध्ये प्रसिद्ध विनोदी कलावंत एडी कँटरने तरुण गायक एडी फिशरचं गाणं इथेच ऐकलं आणि फिशरचं नशीब उघडलं. १९५२ मध्ये स्कीइंगच्या उतारावर कृत्रिम बर्फ आला.

युरोपात लाखो ज्यू मारले गेले, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. अशा वेळी भरलेल्या ताटासमोर सहकुटुंब, मोकळेपणाने बसणं याला निव्वळ चैन म्हणता येत नाही. 

पुढे एअरकंडिशनर घरोघरी आले, विमानप्रवास आवाक्यात आला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतल्या भेदभावाला बंदी घातली. ग्रॉसिंजर्सची गरज कमी होत गेली. जेनी १९७२ मध्ये गेली, हॉटेल १९८६ मध्ये बंद पडलं. एका गजबजलेल्या जगाची ती हानी होतीच. पण ज्यांना कुठे थारा नव्हता, त्यांच्या नातवंडांना आता हवं तिथे उतरता येत होतं. ग्रॉसिंजर्सने आपलं काम पुरं केलं होतं.